नख, नाडी आणि नाटकाचे मास्तर

भर रस्त्यात एक बाई पोराला एका पायाला धरून, उलटं लोंबकळवत चालली होती. वरून पावसाची भुरभुर. पोराचं डोकं खाली, दोन्ही हात लुळे, आणि बाईचा चेहरा कसा, तर भाजीची जुडी घेऊन घरी निघाल्यासारखा शांत!

समोरून नाटकाचे मास्तर येत होते. त्यांनी हे पाहिलं आणि त्यांच्यातला नायक जागा झाला. तसा तो कधी झोपायचाच नाही म्हणा.

“अहो बाई! मूल आहे ते, पिशवी नव्हे!”

एवढं ओरडून मास्तरांनी झेप घेतली आणि पोराचा मोकळा पाय धरून खस्सकन ओढला. पाय आला. नुसता पायच आला.

मास्तरांनी हातातल्या पायाकडे पाहिलं, उरलेल्या पोराकडे पाहिलं, आणि फुटपाथच्या कडेला मटकन बसले. तोंड पांढरंफटक. ओठ हलतायत, पण आवाज नाही.

बाईने पोर बाजूला टाकलं — अक्षरशः टाकलं — आणि ती मास्तरांपुढे उकिडवी बसली. त्यांचा हात हातात घेतला, अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, आणि त्या नखाकडे टक लावून बघत राहिली.

एवढ्या गोंधळातही मास्तरांच्या मनात आलं, या बाईचे डोळे काय सुरेख आहेत… खुनी असली म्हणून काय झालं!

“लांब श्वास घ्या,” ती म्हणाली. “रबराचं आहे.”

“क-कोण?”

“बाळ. शिकवायचं बाहुलं आहे ते. सुया टोचून टोचून त्याच्या हातातून पाणी गळत होतं म्हणून दुरुस्तीला नेत होते. आता पायही तुमच्या कृपेने.” तिने परत नख दाबलं. “हं. आला रंग. उठा आता. इतका मोठा बाप्या आणि काळीज लोण्याचं!”

ही बाई म्हणजे मुलांच्या हॉस्पिटलातली सिस्टर. नव्या नर्सना शिकवायचं काम तिच्याकडे. सारं हॉस्पिटल तिला वचकून होतं, मोठे डॉक्टरसुद्धा तिच्यापुढे चप्पल न वाजवता चालत. तिशी उलटून गेलेली, लग्न नाही, आणि तोंडाचा पट्टा असा, की तो सुरू झाला की वॉर्डातले पंखे मंद वाटावेत.

बाहुलं दुरुस्त करणाऱ्याने पाय पाहिला आणि मान हलवली. महिना तरी लागेल म्हणाला.

“पुढच्या आठवड्यात माझ्या मुलींची परीक्षा आहे,” सिस्टरने मास्तरांना तिथेच धारेवर धरलं. “माझा पेशंट तुम्ही मोडलात. आता पेशंट तुम्हीच आणून द्या.”

मास्तर पाय काखेत धरून उभे होते. अजून कुणी तो त्यांच्याकडून काढून घेतला नव्हता.

“मुलं आहेत की माझ्याकडे,” ते म्हणाले. “नाटकाच्या वर्गातली. सांगाल तशी मरतात.”

सिस्टरला हसू आलं. तिने ते दाबलं. पण मास्तर रंगमंचावरचे. दाबलेलं हसू त्यांना लांबून दिसतं.

घरी हे ऐकून आईने कपाळाला हात लावला.

“त्याचंही नख दाबलंस?”

“पांढरा पडला होता तो.”

“अगं, त्या दिवशी तुला बघायला एवढा चांगला मुलगा आला, बिचाऱ्याने हात पुढे केला तर त्याचं नख दाबून बसलीस! वर म्हणालीस, जरा रंग कमी आहे, रक्त तपासून घ्या. परत फिरकला का तो?”

“तपासून घेतलं असेल. बरंच झालं की.”

“दूधवाल्याचं दाबतेस. शेजारणीचं दाबतेस. कधीतरी एखाद्याचा हात नुसता धरून बघ गं. नुसता!”

सिस्टर ताटं वाढायला उठली. पण त्या दुपारपासून एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. मास्तरांच्या नखाचा रंग परत आल्यावरही तिने हात लगेच सोडला नव्हता. कामाचं काही नसताना धरून ठेवला होता. ही गोष्ट तिने आईलाच काय, स्वतःलाही नीट सांगितली नाही.

तालीम हॉस्पिटलच्या शिकवणीच्या खोलीत सुरू झाली. दोन खाटा, एक फळा, खिडकीच्या गजांवर पावसाचे थेंब, आणि मास्तरांची सगळी फौज. तीत पुढे होती मास्तरांची सात वर्षांची भाची. तिला सगळे मिरची म्हणत. झोपेतसुद्धा बडबडणारी पोर. मुख्य पेशंटचं काम आपल्यालाच, असं तिने जाहीर करून टाकलं होतं.

“परीक्षा शॉकची आहे. हं, आता आजारी पडा,” सिस्टर म्हणाली.

आणि खोलीत प्रलय झाला. एकाने छातीवर हात मारून किंकाळी फोडली. एक जण खाटेवरून लोळत दारापर्यंत गेला. मिरचीने तर “आई गं, मी चालले!” म्हणत सिस्टरच्याच पायांवर प्राण सोडला आणि मग एक डोळा उघडून पाहिलं, की बघतायत ना सगळे.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. “वा! जमलं!”

“डोंबल जमलं,” सिस्टर म्हणाली. “यातलं एकही आजारी नाही. एवढं ओरडायला अंगात ताकद लागते. माझ्या वॉर्डात ओरडणारं पोर आलं की मी म्हणते, ओरड बाबा, ओरड. मला भीती गप्प पोराची वाटते. सुई टोचली तरी न रडणाऱ्याची.”

“पण शॉक म्हणजे… धक्का ना? मूल दचकायला नको?”

“तो धक्का तुम्हाला रस्त्यात बसला होता, तो वेगळा. हा शॉक म्हणजे अंगात रक्त हवं तसं फिरेनासं होतं. उलट्या-जुलाबाने पाणी निघून जातं, कधी रक्त जातं, कधी मोठा ताप अंगात भिनतो. मग शरीर काय करतं? आहे तेवढं रक्त काळजाकडे आणि मेंदूकडे ओढून घेतं. हातपाय उघडे पडतात. म्हणून ते गार. नाडी पळायला लागते, श्वास भरभर चालतो, लघवी कमी होते. आणि नख दाबून सोडलं, की रंग परत यायला वेळ लागतो. आणा इकडे हात.”

मास्तरांनी हात इतक्या तत्परतेने पुढे केला, की मागे उभ्या नव्या नर्स एकमेकींना कोपरं मारायला लागल्या.

“पाच म्हणेपर्यंत दाबायचं. हात काळजाच्या उंचीवर धरायचा, खाली लोंबता नको. सोडलं की… एक, दोन. आला बघा. गुलाबी.”

“मला नीट दिसला नाही,” मास्तर म्हणाले. “परत दाखवता?”

“परत?”

“दुसरं बोटही आहे.”

“मास्तर, तुमच्या नखाचा रंग ठीक आहे. बाकीचे रंग मला दिसतायत.”

नर्स खुसखुसल्या. सिस्टरने फक्त मागे वळून पाहिलं. खुसखुस जागच्या जागी मेली.

“आणि रक्तदाब?” तिने त्या नर्सनाच विचारलं. “तो चांगला निघाला तर?”

“मग काळजी नाही,” एक जण म्हणाली.

“मग तुझ्या हाती मी मांजरसुद्धा देणार नाही. मुलाचा रक्तदाब सगळ्यात शेवटी पडतो. पोरं फार चिवट असतात. आतून सगळं निसटत असतं, तरी शेवटपर्यंत तोल सांभाळतात. आकडा बघून आपण निर्धास्त होतो, आणि मग ती एकदम कोसळतात. ते आकड्यात दिसायच्या आधी तुम्हाला दिसलं पाहिजे.”

“तुम्हीही तशाच का हो?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“कशा?”

“शेवटपर्यंत तोल सांभाळणाऱ्या.”

सिस्टरने खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड केलं.

“असं मूल सापडलं तर काय करायचं?” ती फळ्याशीच बोलली. “एकट्याला सोडायचं नाही. उबेत ठेवायचं. मदतीला हाक मारायची. ती मोठ्याने मारायची, लाजायचं नाही. पुढचं डॉक्टर आणि आपण बघतो.”

“मोठ्याने हाक मारणं मला जमतं,” मास्तर म्हणाले.

“कळलंय. सगळ्या रस्त्याला कळलंय.”

आठवडा कसा गेला ते दोघांनाही समजलं नाही. मास्तर रोज तालमीनंतर मागे रेंगाळायचे, कधी छत्री विसरायचे, कधी मुद्दाम परत घेऊन जायला विसरायचे. मिरची घरीदारी आजारीच असायची. जेवताना मध्येच उठून मोरीकडे पळायची, उलटीचे आवाज काढायची, “पाणी… पाणी…” म्हणत भिंतीला धरून परत यायची. पहिल्या दिवशी तिची आई धावली. दुसऱ्या दिवशीही धावली. मग तिने धावणं सोडलं.

मास्तरांनीही शक्कल काढली. परीक्षेआधी पोरांनी बर्फाच्या पाण्यात हात बुडवायचे, म्हणजे नर्सना हात खरोखर गार लागतील. सिस्टरला इतकी मौज वाटली, की ती सगळ्यांदेखत हसली.

“डोकं आहे हो तुम्हाला!”

मास्तर त्या हसण्यावर दोन दिवस जगले असतील.

परीक्षेचा दिवस उजाडला. खोलीत मोठे डॉक्टर खुर्चीवर, नव्या नर्स ओळीत, मास्तर दारात, आणि खाटेवर मिरची, पायात मोजे, अंगावर चादर.

पहिली नर्स पुढे आली. “हात गार आहेत. नाडी वेगात. श्वास भरभर. रक्तदाब चांगला आहे.”

“मुलाशी बोल,” सिस्टर म्हणाली.

“बाळा, काय होतंय तुला?”

मिरचीने डोळे अर्धवट उघडले, तिच्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि परत मिटले.

दारातून मास्तरांच्या टाळ्या आल्या. त्यांना राहवलंच नाही. “वा गं माझी राणी! याला म्हणतात अभिनय!”

सिस्टरही हसत पुढे झाली. “शाबास मिरची. झालं तुझं. ऊठ.”

मिरची उठली नाही. एक डोळा उघडून पाहिलं नाही, की बघतायत ना सगळे.

सिस्टरचं हसू गालावरच वाळलं. तिने चादर बाजूला केली, मोजा ओढून काढला, पाऊल हातात घेतलं. मग नडगी. मग गुडघा.

“मास्तर,” तिचा आवाज एकदम खाली आला, “पाय पण बुडवले होते बर्फात?”

“नाही. फक्त हात. तिचे तर हातही…” मास्तर थबकले. “ती म्हणाली, मामा, मला आज बर्फ नको, माझे हात गारच आहेत. मला वाटलं… मला वाटलं भूमिकेत शिरली.”

सिस्टरने मिरचीच्या छातीच्या मधल्या हाडावर बोट दाबलं, सोडलं. पांढरा ठिपका उठला आणि तसाच राहिला. राहिला… राहिला… मग कुठे आळसावल्यासारखा विरला.

“डॉक्टर! हे नाटक नाही!”

पुढे जे झालं ते भराभर झालं. नाकावर ऑक्सिजन, हाताला सुई, सलाईन, मोठे डॉक्टर स्वतः खाटेशी. मिरचीची आई धावत आली आणि दाराशीच रडायला लागली. रात्री पोर सारखी मोरीकडे पळत होती. आईला वाटलं, तालीम चाललीय. सकाळी विचारलं, तर मिरची म्हणाली होती, मी बरी आहे, माझं काम दुसऱ्या कुणाला देऊ नका.

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. सिस्टर सलाईनची बाटली बदलायला त्यांच्यासमोरून गेली, थांबली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “टाळ्या वाजवत होतात तुम्ही!”

बस, एवढंच. पण मास्तरांचा चेहरा असा झाला, की रस्त्यात रबराचा पाय हातात आला तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळी मिरचीचे हातपाय उबदार झाले. लघवी झाली, तशी वॉर्डात आनंदीआनंद झाला. हॉस्पिटलात आनंद असाच कशाकशाचा होतो. मग तिने डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, “मी पास झाले का?”

“पहिली आलीस, बाई,” सिस्टर म्हणाली, आणि औषधांच्या कपाटाकडे तोंड करून डोळे पुसले.

मिरची घरी गेली. मास्तर मात्र परत आले नाहीत. त्यांची छत्री शिकवणीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली राहिली. मग मिरचीच्या आईकडून कळलं: मास्तरांनी नाटकाचा वर्ग बंद केला. ज्याला आपल्या भाचीचं दुखणं ओळखता येत नाही, त्याच्या हाती लोकांनी मुलं का द्यावी, म्हणतात. आता मिरचीच्या वडिलांच्या दुकानात बसतात. बादल्या, पाइप आणि नळाच्या तोट्या विकतात.

“मोठ्याने बोलतसुद्धा नाही हो दादा,” मिरचीची आई म्हणाली. “गिऱ्हाईक विचारतं, तोटी आहे का, हा नुसती मान हलवतो. एकदम गप्प झालाय.”

गप्प! गप्प माणसाची भीती सिस्टरला जितकी, तितकी दुसऱ्या कुणाला असणार?

घरी तिने भात दोनदा करपवला. तिसऱ्यांदा आईने पातेलं हातातून काढून घेतलं.

“जा त्याच्याकडे.”

“कुणाकडे?”

“मला शिकवू नकोस. माफी मागायची असेल तर माग, भांडायचं असेल तर भांड, पण माझी पातेली सोड.”

“मी का जाऊ? त्याला येता येत नाही?”

“तोल सांभाळत बसलीस, तर एक दिवस कोसळशील,” आई म्हणाली. हे नेमकं कुठून शिकली कोण जाणे. मुलीच्याच तोंडून इतकी वर्षं ऐकलं असणार. “चल, मी येते. नाहीतरी मला बादली घ्यायची आहे.”

दुकान माणसांनी भरलेल्या बाजाराच्या रस्त्यावर होतं. मास्तर तोट्यांच्या ढिगामागे बसले होते. सिस्टरला पाहून उठले.

तिने वाटेत सगळं पाठ केलं होतं. चूक तुमच्या एकट्याची नव्हती. बर्फ मीही पाहिला होता, वर हसले होते. मी शिकवणारी, आणि मीही फसले. सारं अगदी ओळीने, मुद्देसूद.

“तोटी आहे का?” ती म्हणाली.

मास्तरांनी तोटी पुढे ठेवली.

“ही नको… म्हणजे…” आणि पुढे काही नाही. साऱ्या हॉस्पिटलला धाकात ठेवणारी ती जीभ टाळूला चिकटून बसली. पलीकडे आई बादल्या वाजवून बघत होती, त्याचा तेवढा आवाज.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग गल्ल्यावरून हात पुढे करून त्यांनी हळूच तिचा हात उचलला, काळजाच्या उंचीवर धरला, आणि अंगठ्याचं नख दाबलं. मोजलं. सोडलं.

“एक… दोन… तीन… सिस्टर, रंग उशिरा येतोय.”

ती गप्प.

“हात गार. नाडी पळतेय. श्वास भरभर. आणि तोंड बंद… हे सगळ्यात वाईट लक्षण, असं मला एका बाईंनी शिकवलंय.”

“रक्तदाब… चांगला असेल,” ती कशीबशी पुटपुटली.

“त्यावर मी विश्वास ठेवत नाही. तो शेवटी पडतो.”

तिला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही, आणि मग जीभ सुटली ती सुटलीच. “त्या दिवशी मी जे बोलले, ते मला स्वतःला बोलायचं होतं. तुम्ही समोर सापडलात. बर्फाची गंमत मला आधी कळली होती, हसले मी! हातांवर विसंबले मी! आणि तुम्ही काय केलंत? मिरची बर्फ नको म्हणाली, हे भरल्या खोलीत सांगितलंत. दुसरा असता तर गिळून बसला असता, आणि मी अजून विचार करत बसले असते. पोरं वाट बघतायत तुमची. मिरची रोज तोंड फुगवून बसते. आणि… आणि छत्री न्या तुमची. रोज दिसते ती मला.”

“छत्रीचा त्रास होतो?”

“फार.”

मास्तरांचा चेहरा हळूहळू उजळला. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या आवाजात जरा जीव आला. “मग आता काय करायचं, सिस्टर? असा पेशंट सापडला तर?”

“शिकवलंय मी.”

“परत सांगा. मी जरा मठ्ठ आहे.”

“एकट्याला सोडायचं नाही,” ती खाली बघत म्हणाली.

“नाही सोडणार. मग?”

“उबेत ठेवायचं.”

तिचा गार हात त्यांनी दोन्ही हातांत झाकून घेतला. “मग?”

“मदतीला हाक… अहो मास्तर, नको! बाजार आहे हा! मास्तर—”

पण मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला होता. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, “धावा हो, धावा! कुणीतरी या! या बाईंचं माझ्यावर मन बसलंय, आणि माझंही काही खरं नाही!”

बाजार धावला. कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची आणली, समोरचा न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊनच आला. सिस्टरने मोकळ्या हाताने तोंड झाकून घेतलं. दुसरा हात काही तिने सोडवून घेतला नाही.

गर्दीतून वाट काढत आई पुढे आली, एका हातात निळी बादली. तिने मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“आण रे हात इकडे.”

मास्तरांनी घाबरत दुसरा हात पुढे केला. आईने अंगठ्याचं नख दाबलं, चांगलं रगडून दाबलं, आणि सोडलं. सारा बाजार वाकून बघायला लागला.

“आला रंग,” आई म्हणाली. “लाजेने जरा जास्तच आला. चालेल. आणि बादलीला झाकण मिळेल का रे, जावईबापू?”